दहापैकी पाच

माझ्या आतेबहिणीला कोळंबी चालत नाही. एखादी जरी पोटात गेली तरी तिचे ओठ सुजतात आणि अंगावर गांधी उठतात. लहानपणी मे महिन्यात ती वेळणेश्वरहून आमच्याकडे रत्नागिरीला राहायला यायची, आणि ती आली की आमच्या घरात कोळंबी बंद. पुढे पाऊस लागला की होड्याच किनाऱ्याला लागायच्या. म्हणजे सुट्टीतले खायचे दिवस ते तेवढे, आणि नेमकी तेव्हाच ही हजर. आई म्हणायची, पोरीला वासानेसुद्धा त्रास होतो. मला तिला वासाने कधी त्रास होताना दिसला नाही. ही मुद्दाम करते, असं मला वाटायचं.

आज बेचाळिसाव्या वर्षीही मला थोडंसं तसंच वाटतं.

ती माझी आतेबहीण, आणि मामेबहीणही तीच. माझ्या बाबांची बहीण माझ्या आईच्या भावाला दिलेली, दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागलेली. त्यांची मुलगी आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे; याला साटंलोटं म्हणतात. मोठ्यांना त्याचं केवढं कौतुक होतं. माझ्या वाट्याला मात्र एवढंच आलं की मला स्वतःचं असं आजोळ मिळालं नाही. माझं आजोळ म्हणजे तिचं घर, आणि तिचं आजोळ म्हणजे माझं. आमचे आजी-आजोबा चारही तेच. मी कुठेही गेले तरी ती तिथे आधीच कुणाच्या तरी मांडीवर बसलेली असायची.

मी आठ वर्षांची असताना माझा भाऊ झाला. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. तो बोलायला लागला तेव्हा मी त्याची ‘ताई’ होते. मग एका मे महिन्यात ती आली, पंधरा दिवस त्याला वाळूत खेळवलं, आणि ती परत गेली तेव्हा ती ‘ताई’ झालेली होती आणि मी ‘मोठी ताई’. तिच्याहून मी फक्त सहा महिन्यांनी मोठी आहे.

मोठेपणी ती लग्न करून जयगडला गेली. नवरा तिथल्या बंदरात क्रेनवर कामाला. माझं लग्न जमलं नाही, किंवा मी जमवलं नाही, काय म्हणायचं ते म्हणा. बाबा गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, भाऊ मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा, आणि आई आम्हा दोघांच्या डब्यांत गुंतलेली. भावाचं लग्न व्हावं असं मी तोंडाने म्हणायचे. मनातून मला ते जसं चाललं होतं तसंच बरं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. इंजिनावर आपटतो गो, म्हणाला. मी त्याला ओढून लॅबमध्ये नेलं, रक्त काढलं, मशीनला लावलं. आकडे आले ते बघून मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा लावलं. मग रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. जिथे पेशींची गर्दी दिसायला हवी तिथे नुसती मोकळी जागा होती. एकोणीस वर्षं मी लोकांची रक्तं बघत आले आहे, त्यामुळे मला समजायला डॉक्टरची गरज पडली नाही.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं. त्याच्या बोन मॅरोने रक्त तयार करणंच थांबवलं होतं. दुसऱ्या कुणाचा तरी मॅरो त्याला द्यायचा, हा खरा उपाय. पण तो कुणाचाही चालत नाही. आपल्या पेशींवर काही खुणा असतात, त्या बघून शरीर आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखतं. या खुणा जुळल्या तरच आलेला मॅरो घरात घेतला जातो, नाहीतर एकतर शरीर त्याला हाकलतं किंवा तो शरीरावर उलटतो. खुणा निम्म्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून. डॉक्टरांनी दहा जागा तपासायला सांगितल्या. भावाचं, माझं आणि आईचं रक्त गेलं, आणि मी देवापाशी बसले. एवढं लहानसं मागणं होतं माझं. दहापैकी दहा.

दहापैकी पाच आले. आईकडची बाजू आम्हा दोघांत तीच होती, बाबांकडची वेगळी. बाबांनी त्याला एक दिलं आणि मला दुसरं. तसं ते बाजारातून पेरू आणले तरी दोघांना दोन वेगळे द्यायचे, पण तेव्हा आम्ही भांडून बदलून तरी घ्यायचो.

अनोळखी दात्यांची यादी असते, त्यात शोधलं. त्याच्या खुणांतली एक आमच्याच मुलुखात सापडणारी, यादीत पुरं जुळणारं कुणी मिळालं नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आजकाल अर्ध्या जुळणीवरही करता येतं. धोका जास्त, पण करतात. आईचं वय झालं होतं, तेव्हा दाता म्हणून माझं नाव लिहिलं गेलं.

मी काय सांगू तुम्हाला, मला आनंद झाला. धोका जास्त हे शब्द माझ्या कानांवर पडले आणि तसेच पुढे निघून गेले. रत्नागिरीला आल्यावर मी खजूर खायला लागले, बीट किसून खायला लागले. लॅबमध्ये येणाऱ्या ओळखीच्या माणसांना दंडाला पट्टा बांधता बांधता सांगायचे, भावाला माझाच मॅरो द्यायचाय. ती माणसं सुई विसरून माझ्याकडे आदराने बघायची. भाऊसुद्धा त्या दिवसांत मला नुसतं ‘ताई’ म्हणायला लागला होता, निदान मला तसं ऐकू यायचं.

हॉस्पिटलात एक समुपदेशक बाई होत्या. त्यांनी फॉर्म भरून घेताना मला विचारलं होतं, तुमच्या घरात नात्यात लग्नं झाली आहेत का? मी नाही म्हटलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. माझे आई-बाबा एकमेकांचे कुणी लागत नव्हते, आत्या आणि मामाही नव्हते. साटंलोटं म्हणजे नात्यातलं लग्न नव्हे, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. बाई दुसऱ्या मुलखातल्या होत्या, त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चुलत, मावस भावंडांचं सहसा जुळत नाही म्हणून तपासत नाही, एवढं मात्र सांगितलं.

मग एका दुपारी लॅबमध्ये काम नव्हतं. रिपोर्टच्या जुन्या पाकिटावर मी आमच्या घराचं झाड काढत बसले होते. माझी बाजू कुठून आली, भावाची कुठून, बाबांचे दोन वाटे, आईचे दोन. चाळाच तो. काढता काढता बाबांच्या शेजारी आत्या आली, आईच्या शेजारी मामा आला, आणि खाली ती आली. चारही आजी-आजोबांकडून रेघा तिच्यापर्यंत पोचत होत्या, जशा माझ्यापर्यंत, जशा भावापर्यंत. बाबांचा जो वाटा मला मिळाला नाही तो आत्याकडे असू शकत होता. आत्याकडून तिच्याकडे गेलेला असू शकत होता.

मी पाकीट चुरगळून सुया टाकायच्या डब्यात टाकलं. तो डबा कुणी उघडत नाही.

आठ दिवस मी गप्प होते. मी स्वतःला सांगत होते की शक्यता नगण्य आहे, उगीच आईला आशा लावायची नाही, तपासण्यांना वेळ जाईल. सगळी कारणं चांगली होती. खरं कारण त्यांत नव्हतं.

या आठ दिवसांत ती एकदा येऊनही गेली. भावासाठी नाचणीचं सत्त्व घेऊन आली होती. तोंडाला मास्क बांधून त्याच्यापासून लांब बसली आणि त्याला हसवलं. निघताना पडवीत चप्पल घालता घालता मला म्हणाली, “माझं पण रक्त बघ की गो एकदा. कुणी सांगावं.”

“आतेभावंडांचं बघत नाहीत,” मी म्हटलं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग बरं म्हणाली आणि एसटी पकडायला गेली.

दोन दिवसांनी भावाचं रक्त मी घरीच काढलं. एवढी वर्षं मी टोचते आहे, माझा हात हलका म्हणून माणसं माझी वाट बघत बसतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दंडावर, जिथे मी पट्टा बांधला होता, तिथे पूर्ण कडं उठलेलं होतं, जांभळं. माझ्या अंगठ्याचा ठसासुद्धा दिसत होता. तो चहा पीत बसला होता. त्याने बाही खाली ओढली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “अर्धं म्हणजे नक्की कितपत गो, मोठी ताई? भागेल ना तेवढ्यात?”

मी भागेल म्हटलं. मग आत गेले, दार लावलं आणि समुपदेशक बाईंना फोन केला. साटंलोटं म्हणजे काय ते मला त्यांना दोनदा पहिल्यापासून समजावावं लागलं. त्यांना कळलं तशा त्या म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलंत? तुम्ही विचारलं नाहीत, असं मी म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

तिचं रक्त मीच काढलं. ती जयगडहून सकाळच्या पहिल्या एसटीने आली, उपाशीपोटी. उपाशी यायची गरज नव्हती, पण तिला कोण सांगणार. पट्टा बांधला मात्र, आणि तिची शीर टरारून वर आली. जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त असं आलं जसं वाटच बघत होतं. माझ्या शिरा शोधायला माझ्याच सहकारी मुलीला दोनदा टोचावं लागलं होतं. नळीवर तिचं नाव मी लिहिलं, बारकोड चिकटवला, दोनदा ताडून बघितला. काही वेडंवाकडं मनात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. आलं. पण एकोणीस वर्षांची सवय हाताला असते, आणि हात बरोबर तेच करत राहिला.

पहिल्यांदा झटपट तपासणी झाली, जुन्या पद्धतीची. ती जुळली. घरात आईने देवासमोर साखर ठेवली. डॉक्टर म्हणाले, थांबा, ही तपासणी वरवरची आहे. आता सिक्वेन्सिंग करू, मग खरं कळेल. मी विचारून विचारून ते समजून घेतलं. जुनी तपासणी म्हणजे पत्त्यातला तालुका आणि गाव सांगणारी. दोन माणसं एका गावची निघाली म्हणून एका घरची होत नाहीत. नवीन मशीन तो जनुकाचा मजकूरच अक्षर अक्षर वाचतं, हजारो तुकडे करून एकाच वेळी वाचतं, आणि वाडी, घर, दरवाजा इथपर्यंत नेऊन सोडतं. पुष्कळदा वर जुळलेलं तिथे जाऊन तुटतं. एखादं अक्षर वेगळं निघतं आणि त्या एका अक्षराने दाता बदलावा लागतो.

तर मी त्या एका अक्षराची वाट बघत बसले.

मला हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. जवळजवळ तीन आठवडे मी रोज सकाळी आंघोळ करून देवाला फूल वाहायचे आणि माझ्या भावासाठी काय मागायचं ते माझं मलाच ठरवता यायचं नाही. त्याला बरं व्हायची ती संधी होती, याहून चांगली मिळणार नव्हती. आणि मी मनात म्हणत होते, एकच. हजारो अक्षरांत एकच वेगळं असू दे. मग मीच उरेन. मग लगेच कानाला हात लावायचे. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. लॅबमध्ये सहकारी मुलगी म्हणाली, तुम्ही हल्ली खजूर खात नाही. मी म्हटलं, संपलेत. टेबलाच्या खणात अर्धं पाकीट होतं.

रिपोर्ट माझ्या फोनवर आला. तीन रकाने होते, भावाचा, माझा आणि तिचा, आणि प्रत्येकात त्या दहा जागा, लांबलचक आकडे घातलेल्या. मी बोट ठेवून एकेक ताडलं. भावाचा रकाना, तिचा रकाना. पहिली जागा, दुसरी, तिसरी. शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. दहाही. आईकडचा वाटा मामाकडून तिला आलेला. बाबांकडचा वाटा, जो बाबांनी मला दिला नव्हता, तो आत्याने तिला दिलेला. माझे बाबा जाऊन सात वर्षं झाली, आणि जे माझ्याकडे नाही ते त्यांचं तिच्याकडे होतं, पक्कं, अक्षर अक्षर वाचून खात्री केलेलं. मी लॅबच्या मागच्या मोरीत तोंड धुतलं. रडायचं निमित्त चांगलं होतं, बाहेर सगळे म्हणाले, आनंदाने रडत्ये बिचारी.

पुढचं सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. त्याला आत काचेच्या खोलीत ठेवलं. तिला भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढला. ती दुसऱ्या दिवशी लंगडत चालत होती आणि आई तिच्या मागे मागे पेज घेऊन फिरत होती. आईने हॉस्पिटलच्या बाकावरच तिची ओटी भरली, नारळ कुठून मिळवला देव जाणे. मी पिशव्या धरून उभी होते. काचेपलीकडे ती लाल पिशवी सलाइनच्या दांडीला टांगलेली दिसत होती, थेंब थेंब भावाच्या अंगात जाणारी. एवढीशी पिशवी. रत्नागिरीत मी रोज त्याहून जास्त रक्त हाताळते.

तो बरा होत गेला. तीन-चार महिने आम्ही हॉस्पिटलजवळच खोली घेऊन राहिलो. मी त्याचं पाणी उकळलं, फळं सोलली, गोळ्या दिल्या, उलट्या काढल्या. ती दर रविवारी फोन करायची. फोन आला की त्याचा चेहरा उजळायचा. एके दिवशी तपासणीत आलं की त्याचं रक्त आता शंभर टक्के तिचं आहे. रक्तगटही बदलला. माझा आणि त्याचा गट बी होता; आता तो ओ झाला, तिच्यासारखा. एवढी वर्षं कुणी विचारलं की मी सांगायचे, आमच्या घरात सगळे बी. आता घरात एक ओ राहतो आणि मी त्याचं कार्ड माझ्याच हाताने बदललं.

सव्वा वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता नेहमीसारखं खाऊ दे. ताजं, नीट शिजवलेलं, काहीही. त्याला विचारायचीही गरज नव्हती. ती यायची नसली की आमच्या घरात कोळंबी शिजायची, आणि ती शिजवायची मीच. ओलं खोबरं, आमसूल, वरून कच्च्या तेलाची धार. हॉस्पिटलच्या खोलीत तो बरळताना तीच मागायचा. ते माझं एकटीचं होतं. त्यात तिला हात घालता येत नव्हता, ती वास घ्यायलाही यायची नाही.

रविवारी सकाळी मी मिरकरवाड्यात जाऊन लिलावातूनच उचललेली कोळंबी आणली, अजून कवच कडक असलेली. साडेअकराला त्याच्यासमोर ताट ठेवलं. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. चार-पाच घास गेले असतील. मग त्याने खालच्या ओठाला हात लावला. पुन्हा लावला. आई ओरडली तेव्हा मी वळून बघितलं. त्याचे ओठ सुजले होते, मानेवर गांधी उठत होत्या, डोळे बारीक झाले होते. मी हा चेहरा ओळखत होते. पस्तीस वर्षांपूर्वी, आमच्याच ओटीवर, फक्त दोन वेण्या घातलेला.

जन्मभर कोळंबी खाल्लेला माणूस. एकाएकी कसं होईल, असं आई विचारत होती. मला माहीत होतं कसं. हॉस्पिटलात एका डॉक्टरने जाता जाता सांगितलं होतं की क्वचित दात्याची ॲलर्जीसुद्धा मॅरोबरोबर येते. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

मी फोन तिला केला. डॉक्टरच्याही आधी तिला केला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

“श्वास बघ आधी,” ती म्हणाली. “घरघर येत्ये काय? नाही ना? मग ॲलर्जीची गोळी दे आणि रिक्षात घाल. एक सुई देतील, उतरेल. घाबरू नको गो. मला सवय आहे.”

सुई दिली, उतरलं. दुपारी दोनला आम्ही घरी परत आलो. भाऊ आरशात ओठ बघून हसत होता आणि म्हणत होता, ताईसारखा दिसतोय मी. मी पडवीत येऊन तिला पुन्हा फोन केला, बरा आहे म्हणून सांगायला. ते सांगून झालं तरी मी फोन ठेवला नाही. काय झालं मला कळत नाही, पण मी म्हटलं, “मला आधीच सुचलं होतं. तुझं जुळेल म्हणून. मी आठ दिवस गप्प बसले होते.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पडवीत विचारलं तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी. पण सांगितलंस ना शेवटी.” आणि मग, मी काही बोलायच्या आत, “जेवलीस काय तू?”

बघा, हे असं आहे. इथेसुद्धा तीच चांगली. मी मन घट्ट करून पाप कबूल करावं, तर हिने ते दीड वर्ष आधीच पोटात घालून ठेवलेलं. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांना पाणी आलं.

आत ताट तसंच होतं. आई म्हणाली, फेकून दे, आता ही वस्तू घरात नको. मी फेकली नाही. भाऊ आतल्या खोलीत गोळीच्या गुंगीत झोपला होता, तिच्या रक्ताने लालबुंद होऊन घोरत होता. मी पाटावर बसले आणि त्याच्या ताटातली कोळंबी खाल्ली, मग पातेल्यातली खाल्ली, रस भातावर ओतून शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. मला काही झालं नाही. मग पातेलं राख लावून दोनदा घासलं, वास राहू नये म्हणून, आणि पालथं घातलं. आमच्या घरात आता कोळंबी बंद आहे.